स्तोत्राची चाल

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी माझं पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा मी माझ्या रूममेटकडून बायबलमधलं एक स्तोत्र पाठ करून घेतलं. ते तिच्या मातृभाषेत होतं. मला त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता आणि तिलाही ती 'जेवलीस का, झोपलीस का, थंडी पडली का' एवढ्यापुरतीच येत होती. हा उद्योग मला कोणी सांगितला नव्हता. मी आपण होऊन अंगावर घेतला, आणि त्यातून जे झालं ते बरं झालं की वाईट, हे मला आजही धड सांगता येत नाही.

ती अरुणाचलची, आदी जमातीची. मातीतल्या बुरशीवर तिचं संशोधन चालायचं, त्यामुळे आमच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरून ठेवलेली असायची आणि प्रत्येक डब्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. मी अमरावतीची. अरुणाचल म्हणजे माझ्या डोक्यात नकाशाचा उजवा वरचा कोपरा, याहून जास्त काही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, तुझी भाषा आसामीसारखी का? ती नाही म्हणाली. मग विचारलं, तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे घरी इंग्रजीच बोलत असाल? ती म्हणाली, "तुम्ही हिंदू, म्हणजे घरी संस्कृत बोलता का?" आम्ही आपसांत हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायचो. इथे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी बरंचसं मराठीत लिहिते आहे.

पण मी विचारलं ते अगदीच वेडगळ नव्हतं. तिच्या फोनवर आदी भाषेतलं बायबल होतं, आणि ते इंग्रजी अक्षरांत होतं. इंग्रजी अक्षरं, काहींवर तिरक्या रेघा, आणि वाचायला गेलं तर एकही शब्द इंग्रजी नाही. मी तो पडदा वर-खाली करून बघितला. डोळे वाचत होते आणि डोक्यापर्यंत काही पोचत नव्हतं. म्हटलं, हे तू वाचतेस? ती म्हणाली, "माझी आई वाचते."

रूममेट दहा वर्षांची असताना तिच्या आईने बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी घेतला नाही. ते दोन्यी-पोलो मानणारे, म्हणजे सूर्य आणि चंद्र. त्यांच्या घराच्या एका टोकाला पांढऱ्या कापडावर लाल सूर्य असलेला झेंडा आणि दारावर लाकडी क्रॉस. तिने मला फोटो दाखवला. मी विचारलं, "आणि तू?" ती म्हणाली, "फॉर्म भरताना जे आधी आठवेल ते." मला वाटलं थट्टा करते आहे. पुढे कळलं की थट्टा नव्हती.

घरात भांडण असं नव्हतं. प्रार्थनेला बायका जमल्या की वडील उठून बाहेरच्या माचावर जाऊन बसायचे, टोपली विणायचे, आणि बायका गेल्या की आत यायचे. त्यांच्याकडचे जुने पाठ म्हणायला मिरी आला, म्हणजे त्यांचा मंत्र जाणणारा माणूस, की आई शेजारी निघून जायची. इतकी वर्षं दोघं असं आलटून पालटून आपल्याच घराबाहेर बसत आले होते. मुलीला हे इतकं सवयीचं होतं की सांगताना तिचा आवाजसुद्धा बदलला नाही.

आणि ती स्वतः त्या घरात फारशी राहिलीच नव्हती. आठव्या वर्षापासून शिलाँगला हॉस्टेल. तिथे हिंदी आणि इंग्रजी. सुट्टीत महिनाभर घरी. तेवढ्यात भाषा जितकी राहते तितकी राहिली. आई फोनवर तिच्याशी फक्त आदीत बोलायची, भडाभडा, श्वास न घेता. ही मोजकी उत्तरं द्यायची. एखादं लांब वाक्य डोक्यावरून गेलं की म्हणायची, आवाज तुटतोय, नेटवर्क खराब आहे. अमेरिकेतल्या नेटवर्कबद्दल तिच्या आईचं मत फार वाईट झालं होतं. आपल्या मुलीला आपली भाषा येत नाही, हे त्या बाईला माहीत नव्हतं. मुलगी लाजरी आहे, एवढंच तिला वाटायचं.

त्या ऑक्टोबरमध्ये आईच्या पोटात गाठ निघाली. दिब्रुगडला ऑपरेशन ठरलं. हिच्या व्हिसाचा शिक्का संपलेला. गेली असती तर परत येता येईल की नाही याचा भरवसा नव्हता. जायचं नाही असं ठरवायला तिला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस ती फक्त चहावर होती. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. दिब्रुगडला निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी प्रार्थना आहे, तेव्हा तू फोनवरून स्तोत्र वाच. आपल्या पुस्तकातून, आपल्या भाषेत. कोणतं स्तोत्र तेही सांगितलं. आठच ओळींचं, डोंगरांबद्दलचं.

"हो म्हणालीस?" मी विचारलं.

"आधी हो म्हणाले. मग कळलं कशाला."

मी म्हटलं, त्या ॲपमध्ये ऑडिओ आहे ना, तो लावून दे. तिने आईला तेही सुचवून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, मशीनमधली बाई रोज वाचते, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझ्या लॅबमध्ये पुण्याचा एक मुलगा होता, त्याला मी नुसतं विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, सिंपल आहे यार. ऑडिओ प्ले कर आणि तिला नुसतं लिपसिंक करायला सांग. व्हिडिओ लॅग होतोच, कोण बघतंय?" मला त्याचा राग आला. पण दोन मिनिटं मी त्याचा विचार केला होता, हेही खरं आहे.

मग आम्ही वाचायला बसलो. ती अडखळायची. शब्द सुटा वाचला की यायचा, ओळ झाली की मोडायचा. मी तिच्यापेक्षा भराभर वाचायचे, कारण मला कुठे अडायचं हेच माहीत नव्हतं. मशीनमधल्या बाईला आम्ही हळू वेगावर लावून उच्चार बसवले. तरी चौथ्या दिवशीही ती तीन ओळींच्या पुढे काही जाईना. पाचव्या दिवशी ती फोन बाजूला सारून म्हणाली, "आईला कळेल. पहिल्या ओळीत कळेल. आणि ती ते डोक्यात घेऊन ऑपरेशनला जाईल."

मला लोकांची रड फार वेळ बघवत नाही. मी चिडते. मी म्हटलं, "वाचू नकोस. पाठ कर."

"कसं पाठ करू? मला कळत नाहीये."

"पाठ करायला कळावं लागतं असं कोणी सांगितलं तुला?"

हे मी मनापासून म्हटलं. माझं सगळं लहानपण न कळता पाठ करण्यात गेलं होतं. संस्कृत श्लोक, नद्यांची नावं, रसायनांची सूत्रं. आमच्या शाळेत बाईंनी छडी टेबलावर आपटली की साठ मुली एका सुरात सुरू व्हायच्या. मी पहिली ओळ घेतली, तिचे दोन तुकडे केले, आणि चालीत म्हणून दाखवली. पहिला तुकडा सपाट, दुसऱ्याला शेवटी हेल, आणि हेलावर मान किंचित खाली. तिने मागून म्हटली. दुसरी ओळ. तिसरी. त्या दुपारी आमच्या कार्पेटवर मांडी घालून ती पाच ओळी न अडखळता म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"ही कसली चाल आहे?" तिने विचारलं.

"आमच्याकडची जुनी आहे," मी म्हटलं.

ती बेच्या पाढ्याची चाल होती. मी सांगितलं नाही. तिच्या आईचं ऑपरेशन, देवाचं स्तोत्र, आणि आपण ते बे एके बेवर बसवलंय हे सांगायची मला लाज वाटली. आणि खरं म्हणजे चालतंय ना, मग कशाला बोला, असंही वाटलं. ती कॅम्पसच्या बसमध्ये पुटपुटत होती, कपडे ड्रायरमध्ये टाकताना पुटपुटत होती. मलाही पाठ झालं. भांडी घासताना मी आदी भाषेत देवाची विनवणी करत होते आणि आपण काय मागतोय याचा मला पत्ता नव्हता.

तो दिवस गुरुवारचा. आमच्याकडे सकाळचे साडेसात, त्यांच्याकडे संध्याकाळचे पाच, आणि तिथे तेवढ्यातच अंधारून आलेलं. फोन आम्ही तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले. पडद्यावर चुलीचा उजेड, भोवती सात-आठ बायका, एक म्हातारे पास्टर, आणि मधोमध तिची आई, शाल गुंडाळून. आई मला फोटोपेक्षा बारीक वाटली. पास्टर काही बोलले, सगळ्यांनी डोळे मिटले, मग आईने फोन जवळ ओढला आणि मानेने खूण केली.

ही सुरू झाली. पहिली ओळ सुरेख गेली. मी मांडीवर बोटाने ठेका धरला होता. दुसरी ओळ गेली, आणि पडद्यावर कोणीतरी तिच्या ओळीचं शेवटचं टोक उचलून परत म्हटलं. मला वाटलं फोनचा घुमारा असेल. तिसऱ्या ओळीला पुन्हा तसंच, पण आता आवाज पुरुषाचा होता. दाराच्या चौकटीत एक माणूस उभा होता, हातात अर्धवट विणलेली टोपली. ते तिचे वडील. बाहेरच्या माचावरून उठून आत आले होते. चौथ्या ओळीला कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्याही नकळत त्यांच्यामागून म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. एकीने तोंडावर पदरासारखं काहीतरी धरलं. पास्टरांनी डोळे उघडले.

मला काय चाललंय ते कळत नव्हतं. मला वाटलं, छान चाललंय, लोक साथ देताहेत. मी तिला अंगठा दाखवला.

ती आठ ओळी संपेपर्यंत थांबली नाही. थांबली असती तर पुढची ओळ आठवलीच नसती, चालीचा धागा तुटला असता. वडील शेवटपर्यंत उभ्या उभ्या म्हणत होते. त्यांचा चेहरा उजळला होता. आणि आईचा चेहरा मी पाहिला तर तो बंद झाला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. तिने एक वाक्य म्हटलं आणि पडदा काळा झाला.

"काय म्हणाली?"

हिला तेवढं कळलं होतं. "म्हणाली, बापाच्या बाजूला गेलीस."

मग तिने मला समजावलं, तिला जितकं माहीत होतं तितकं. मिरी जुने पाठ म्हणतो, त्यांना आबांग म्हणतात. जगाची सुरुवात कशी झाली, सूर्य-चंद्र कसे झाले, अशा लांबच लांब गोष्टी, रात्र रात्र चालणाऱ्या. तो एक ओळ म्हणतो आणि बाकीचे तिचं शेवटचं टोक उचलतात. ते लहानपणी तिने ऐकलं होतं, पण इतक्या वर्षांत विसरून गेली होती. आपली ओळ कशासारखी वाजतेय हे तिला वडिलांनी टोक उचलल्यावर कळलं. आईने ज्यातून बाहेर पडायला एवढी वर्षं घालवली, ते आईच्याच पुस्तकातले शब्द घेऊन तिच्या चुलीपुढे आलं होतं, पास्टरांच्या देखत, ऑपरेशनच्या तोंडावर, पोटच्या पोरीच्या तोंडून.

"पण तुझी चाल तर तुमच्या देवाची आहे ना?" ती म्हणाली. "तुमचा देव आणि आमचा मिरी एकाच चालीत कसे?"

आता मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. पाढे. बे एके बे, बे दुणे चार. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी उठून खिडकीतले मातीचे डबे सरळ करायला लागले. त्यांना हात लावायचा नाही हेही विसरले.

"माझ्या आईला तू गणित ऐकवलंस," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला काय माहीत तुमच्याकडे असं असतं. ती म्हणाली, तुला काहीच माहीत नसतं आणि तू तरी प्रत्येक गोष्टीत पुढे असतेस. हे खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं. मी लॅबला निघून गेले. दिवसभर मी एकाच तक्त्यात तेच आकडे भरत बसले आणि पुसत बसले.

संध्याकाळी परत आले तर ती फोन कानाला लावून बसली होती. वडिलांचा निरोप होता, रेकॉर्ड करून पाठवलेला, लांब, आदीत. तिला त्यातलं पूर्ण कळत नव्हतं, म्हणून ती परत परत ऐकत होती. माझी मुलगी, एवढं कळलं होतं. मिरीचं नाव कळलं होतं. आणि शेवटी वडील हसले होते, आणि ते हसणं तिने आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "बाबांना वाटतंय मी त्यांच्यासाठी म्हटलं. मुद्दाम."

तेव्हा आम्ही दोघींनी ती गोष्ट नीट समोर मांडून पाहिली. ऑपरेशन शनिवारी. आई समजते आहे की मुलगी तिच्याविरुद्ध गेली. तिचा तो गैरसमज दूर करायचा, तर सांगावं लागणार की ती चाल बाबांची नव्हती, रूममेटच्या शाळेतल्या पाढ्यांची होती. मग आई विचारणार, पाढ्यांच्या चालीत कशाला? आणि मग सांगावं लागणार की मला वाचता येत नाही, बोलता येत नाही, तू बोलतेस त्यातलं अर्धं मला कळत नाही, कधीच कळत नव्हतं. आईचा राग घालवायचा तर आईला हे द्यायचं. आणि वडिलांचं हसणं जाणार ते वेगळंच.

मी म्हटलं, "आत्ता काही बोलू नकोस. आधी ऑपरेशन होऊ दे."

"आणि काही झालं तर? ती तेच घेऊन जाईल?"

"मग सांग."

"आणि मग हे घेऊन जाईल?"

मी दोघींसाठी मूगडाळीची खिचडी टाकली आणि ती करपवली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिने स्वतः फोन लावला. दिब्रुगडचा वॉर्ड, हिरव्या भिंती, आई पलंगावर, वडील शेजारच्या स्टुलावर. ही बोलायला लागली, अर्धं आदीत, अर्धं हिंदीत. हिंदी होती तेवढं मला कळलं. चाल बाबांची नाही, माँ. मिरीची नाही. माझ्या मैत्रिणीच्या शाळेतली आहे. मराठी लोक हिशेब शिकतात त्याची.

आईने एक शब्द म्हटला. हिने तो मला सांगितला नाही, पण तो खोटारडी असाच काही असणार. मग हिने मला हाताला धरून पुढे ओढलं. मी स्वेटरवर, केस न विंचरलेली. तिथे नमस्कार कसा करतात तेही मला माहीत नव्हतं. "म्हण," ती म्हणाली. "ते म्हण."

आणि मी दिब्रुगडच्या त्या वॉर्डात, माझ्या अमरावतीच्या बाईंच्या चालीत, बेचा पाढा म्हणायला लागले. बे एके बे. बे दुणे चार. चाल पक्की होती, ती विसरायची म्हटली तरी विसरत नाही. बे त्रिक सहा. बे चोक आठ. पाचव्या ओळीला स्टुलावरून वडिलांनी टोक उचललं. दहा, असं म्हणाले ते, शब्द न कळता, बरोब्बर हेलावर मान खाली करून. सहाव्या ओळीला बारा म्हणता म्हणता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मला थांबता येईना. मी वीसपर्यंत गेले.

आई हसायला लागली. पोटावर हात दाबून हसली, इतकी की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. तिने नवऱ्याच्या दंडावर चापट मारली आणि बोटांवर मोजायची नक्कल केली. आम्हीही हसलो. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील मात्र हसले नाहीत. ते उठले आणि दाराकडे गेले.

मग आईचं हसणं मधेच थांबलं. तिने मुलीला काहीतरी विचारलं, हळूच, लहान वाक्य होतं. हिला कळलं नाही. मला दिसलं की ती नेहमीसारखं आवाज तुटतोय म्हणणार आहे. ती म्हणाली नाही. म्हणाली, "नहीं समझी मैं, माँ." आईने तेच परत विचारलं, आणखी हळू. हिने मान हलवली. आई बराच वेळ पडद्याकडे बघत होती. नर्स आली, तिने फोन ठेवायला सांगितला.

तो प्रश्न काय होता, ते आम्हाला कधीच कळलं नाही. ते आवाज हिच्या डोक्यात राहिलेही नाहीत. मशीनमधल्या बाईला विचारता येत नाही.

शनिवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. मी शिरा केला, आणि ती पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. आमचं दोघींचं भांडण कधी मिटलं ते समजलंही नाही. मला वाटलं, चला, सगळं नीट झालं. आईचा राग गेला, खोटं संपलं, गाठही गेली. मी तर पुण्याच्या त्या मुलाला ऐकवूनही आले की लिपसिंक न करता आमचं कसं निभावलं.

दहा-बारा दिवसांनी आई घरी परतली आणि तिचा फोन आला. मी ओट्यापाशी कांदा चिरत होते, ही टेबलाशी. फोन स्पीकरवर होता. बराच वेळ मला काहीतरी वेगळं वाटत राहिलं आणि काय ते लक्षात येईना. मग आलं. मला सगळं कळत होतं. टाँका सूख गया. डॉक्टर अच्छा था. वहाँ ठंड हो गया होगा, गरम कपड़ा पहनना. एकेक शब्द सुटा, सावकाश, मोजून ठेवल्यासारखा. तिची आई हिंदीत बोलत होती.

ही आदीत काहीतरी म्हणाली, दोन-तीन शब्द, येत होते तेवढे. आई म्हणाली, "नहीं नहीं, तुम हिंदी में बोलो. आराम से बोलो." हिने विचारलं, बाबा कुठे आहेत? "बाहर बैठा है." हिने पुन्हा आदीत प्रयत्न केला, आता जरा लांब वाक्य. आईने ते पुरं ऐकून घेतलं आणि हिंदीतच उत्तर दिलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. उलट इतकी माया होती की मला सुरी खाली ठेवावी लागली. शेवटी ती म्हणाली, "अब सब समझ में आता है ना, बेटा?"

"आता है," ही म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिने तो टेबलावर पालथा ठेवला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तेव्हा मी मनात म्हटलं की आईला काहीच कळलं नसतं तर बरं झालं असतं, आणि लगेच वाटलं की नाही, तसंही नाही. अजूनही माझं या दोन्हींत ठरत नाही.

"आई माझ्याशी किती नीट बोलली," ती म्हणाली. "आमच्या पासीघाटच्या बाजारात ती परक्या दुकानदाराशी बोलते ना, अगदी तशी."